१८६१: दक्षिणेचे सागरी परवाने आणि फाशीचा पेच

शत्रूची व्यापारी जहाजे पकडायला खासगी मालकांना परवाने देण्याची पद्धत युरोपातल्या बड्या सत्तांनी १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याने मोडीत काढली. अमेरिकेने सही केली नाही. खासगी मालाला समुद्रावर पूर्ण अभय मिळत नसेल, तर लहान आरमाराच्या देशाने हे हत्यार का सोडावे, असा तिचा सवाल होता. पाचच वर्षांनी दक्षिणेतली राज्ये अमेरिकेतून फुटली, उत्तरेकडच्या राज्यांशी त्यांची यादवी पेटली आणि तेच हत्यार तिच्यावर उलटले.

१७ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या अध्यक्षांनी परवान्यांसाठी अर्ज मागवले. दोन दिवसांनी उत्तरेने दक्षिणी बंदरांची नाकेबंदी पुकारली आणि असा परवाना घेऊन कोणी जहाज अडवले तर त्याला समुद्री चाचा ठरवू, असे बजावले. ६ मेला दक्षिणेने रीतसर कायदा केला. जहाजमालकाला ५,००० डॉलरचा जामीन, दीडशेहून जास्त माणसे असतील तर १०,०००चा. पकडलेल्या जहाजावर आधी न्यायालयाचा निवाडा, मगच वाटणी. मिळकतीतले पाच टक्के जखमी खलाशांसाठी आणि मृतांच्या विधवा-मुलांसाठी राखीव. चाच्यांच्या धंद्यात असले नियम नसतात.

उत्तरेची खरी अडचण तिच्याच घोषणेत होती. नाकेबंदी ही युद्धातली कारवाई. समोर युद्ध आहे असे धरून बंदरे अडवायची आणि त्याच युद्धातल्या खलाशांना मात्र दरोडेखोर म्हणायचे, हे एका तोंडाने बोलता येत नाही.

तरीही खटले चालले. दक्षिणेचा परवाना घेतलेल्या ‘सव्हाना’ या छोट्या जहाजाने ३ जूनला साखर घेऊन फिलाडेल्फियाकडे निघालेले जहाज पकडले आणि त्याच दिवशी ते स्वतःच पकडले गेले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीत त्याच्या खलाशांबद्दल एकमत झाले नाही. त्याच महिन्यात फिलाडेल्फियात मात्र दुसऱ्या एका परवानाधारी जहाजावरचे खलाशी दोषी ठरले. चाचेगिरीला शिक्षा एकच, फाशी. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, त्यावर कैदेतल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या: आमचा एक खलाशी फासावर गेला, तर तुमचा एक अधिकारी जाईल. १८६२च्या सुरुवातीला उत्तरेने या खलाशांना युद्धकैदी मानले. हा निर्णय कायद्याच्या अभ्यासातून आला नाही, त्या चिठ्ठ्यांच्या धाकातून आला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परवाने मात्र तोवर निरुपयोगी होत चालले होते. १ जून १८६१लाच ब्रिटनने पकडलेली जहाजे आपल्या बंदरांत आणायला दोन्ही पक्षांना मनाई केली होती, आणि दक्षिणेची स्वतःची बंदरे नाकेबंदीत. लूट विकायची कुठे? बरेच मालक मग नाकेबंदी चुकवून माल नेण्याच्या किफायतशीर धंद्यात शिरले.

१८६३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाकेबंदी वैध ठरवली, ती युद्ध अस्तित्वात असल्याचे मान्य करूनच. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तरेनेही आपल्या अध्यक्षांना परवाने देण्याचा अधिकार दिला. दक्षिणेकडे पकडावीत अशी व्यापारी जहाजे फारशी नव्हती. रोख मुख्यतः दक्षिणेसाठी जहाजे बांधली जात होती त्या ब्रिटनवर होता. तो अधिकार कधीच वापरला गेला नाही.