मेंडेल यांचे वाटाणे आणि ‘सिद्ध झालेला’ आरोप

‘मेंडेलने आकडे बनवले होते, हे केव्हाच सिद्ध झाले आहे,’ असे वाक्य विज्ञानातील गैरप्रकारांचा विषय निघाला की हमखास ऐकू येते, आणि पाठोपाठ ‘मग बाकीच्यांचे काय सांगावे’ असा शेराही मारला जातो. शाळेच्या पुस्तकातून ज्यांची आपल्याला ओळख झाली, त्या ग्रेगोर मेंडेल यांच्यावर असा आरोप झाला हे खरे आहे, आणि आरोप करणारा माणूसही ऐरागैरा नव्हता. मात्र ‘सिद्ध’ हा शब्द येथे बसत नाही. तो का बसत नाही, हे समजण्यासाठी थोडी आकडेमोड करावी लागते.

मेंडेल हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातील धर्मगुरू. 1856 ते 1863 या काळात मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याचे संकर केले, 1865 मध्ये दोन व्याख्यानांत निष्कर्ष वाचून दाखवले आणि 1866 मध्ये ते छापले. 1884 मध्ये ते वारले. आई-बापांचे गुण पुढच्या पिढ्यांत कोणत्या प्रमाणात उतरतात, याचे त्यांचे नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले. लगेच 1902 मध्ये इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी हे आकडे अपेक्षेशी फारच जुळतात, असे निदर्शनास आणले. खरा घाव मात्र 1936 मध्ये रोनाल्ड फिशर यांनी घातला. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले फिशर मेंडेल यांना फार मानत. तरीही सगळे नसले तरी बहुतेक प्रयोगांचे आकडे अपेक्षेशी जुळावेत म्हणून बदललेले आहेत, असे त्यांनी लिहिले, आणि काय उत्तर हवे आहे हे पुरते ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने ते केले असावे, अशी शक्यताही मांडली.

आकडे चांगले असणे हाच पुरावा कसा ठरतो? नाणे शंभर वेळा उडवले तर छापा 49, 50 किंवा 51 वेळा पडण्याची शक्यता साधारण 24 टक्के असते. कोणी असे दहा डाव खेळून दहाही वेळा याच तीन आकड्यांपैकी एक सांगितला, तर तसे घडण्याची शक्यता सुमारे 19 लाखांत एक एवढीच उरते. योगायोगाचे काम ओबडधोबड असते. त्यावर रंधा फिरवलेला दिसला की शंका घ्यावी लागते.

हा ओबडधोबडपणा मोजण्याचे साधन म्हणजे काय-वर्ग कसोटी, आणि तिच्याइतकी सुंदर गोष्ट संख्याशास्त्रात मला तरी दुसरी दिसत नाही. मेंडेल यांनी 7324 दाणे मोजले. त्यांपैकी 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले. संकरित झाडांच्या संततीत वरचढ (प्रभावी) गुण आणि दबून राहणारा (अप्रभावी) गुण 3:1 या प्रमाणात दिसतात, असा मेंडेल यांचा नियम; त्या प्रमाणाने 5493 आणि 1831 यायला हवे होते, म्हणजे फरक 19 चा. या 19 चा वर्ग दोन्ही अपेक्षित संख्यांनी वेगवेगळा भागून बेरीज केली की 0.26 येते. असे दोनच प्रकार मोजायचे असतात तेव्हा निव्वळ योगायोगाने होणाऱ्या फरकांसाठी ही बेरीज सरासरी 1 येते; खूप मोठी आली तर सिद्धान्त संशयास्पद, आणि वारंवार खूप लहान आली तर आकडे संशयास्पद. मेंडेल यांच्या पहिल्या सात प्रयोगांची बेरीज सरासरी 7 यायला हवी होती, ती 2.14 आहे. एवढ्यावर कोणी आरोप करणार नाही, कारण शंभरात पाचेक वेळा असे घडतेच. फिशर यांनी मात्र सगळे प्रयोग एकत्र घेतले, तेव्हा 84 च्या जागी 41.6 आले. निव्वळ योगायोगाने आकडे अपेक्षेच्या इतके जवळ येण्याची शक्यता लाखात 7 आहे.

घोटाळा होतो तो नेमका येथे. लाखात 7 ही मेंडेल निर्दोष असण्याची शक्यता नव्हे. आकडे निव्वळ योगायोगाचे असतील तर ते इतके जुळण्याची ती शक्यता आहे, आणि या दोन विधानांची गल्लत न्यायालयांतही झालेली आहे. फिशर यांच्या गणिताने ‘निव्वळ योगायोग’ हे एक स्पष्टीकरण बाद केले. उरलेल्या स्पष्टीकरणांत निवड करण्याची ताकद त्या गणितात नाही. ती उरलेली स्पष्टीकरणे बरीच आहेत. वाटाणा सोलून हातात घेतला तर तो नेहमीच हिरवा की पिवळा असा सरळ कौल देत नाही. काही दाणे एका बाजूने फिकट हिरवे आणि दुसऱ्या बाजूने पिवळट असतात, आणि वेल्डन यांनी अशा मधल्या छटांचे चित्रच छापले होते. कोणत्या ढिगात किती दाणे कमी पडत आहेत हे मोजणाऱ्याला मनोमन ठाऊक असेल, तर शंकास्पद दाण्याचा निर्णय नकळत त्या बाजूला झुकतो. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी 1966 मध्ये हाच नकळत होणारा पक्षपात पुढे मांडला. प्रमाण जुळले की मोजणी थांबवणे, किंवा व्याख्यानासाठी बऱ्यापैकी जुळलेले प्रयोग निवडणे, यानेही बेरीज लहान होते. यांपैकी काहीही आजच्या निकषांनी योग्य नाही, पण आकडे मुद्दाम बनवणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

आरोपातील सर्वांत टोकदार भाग वेगळाच आहे, आणि तेथे वाचकाला थोडे थांबावे लागेल. प्रभावी गुण दाखवणारी झाडे शुद्ध (फक्त तोच गुण बाळगणारी) आहेत की संकरित (अप्रभावी गुणही लपवून बाळगणारी), हे ओळखण्यासाठी मेंडेल यांनी प्रत्येक झाडाचे 10 दाणे पेरून त्यांची रोपे पाहिली. दहांत एक जरी अप्रभावी गुणाचे निघाले तर मूळ झाड संकरित. पण संकरित झाडाची दहाही रोपे प्रभावी निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा दहावा घात, म्हणजे 5.6 टक्के असते. तेवढी संकरित झाडे चुकून शुद्धांत मोजली जाणार. त्यामुळे संकरित आणि शुद्ध झाडांचे प्रमाण नियमाप्रमाणे 2:1 न येता 1.7:1 यायला हवे. 600 झाडांत मेंडेल यांना 399 संकरित आणि 201 शुद्ध मिळाली. फिशर यांच्या हिशेबाने 377 आणि 223 च्या आसपास मिळायला हवी होती. आकडे चुकीच्या अपेक्षेशी जुळले, हे ऐकून मीही प्रथम चपापलो होतो. मात्र केवळ योगायोगाने एवढा फरक शंभरात तीन-चार वेळा पडतो, आणि मेंडेल यांनी मोजलेली रोपे दहापेक्षा अधिक असतील तर तो आणखी सहज समजतो. याच 600 पैकी एका प्रयोगात 2:1 ऐवजी 60:40 आले होते. मेंडेल यांनी तो प्रयोग पुन्हा केला, 65:35 मिळवले आणि दोन्ही निकाल छापले. एका झाडावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले दाणे मिळाले, तर दुसऱ्यावर 43 गोल आणि केवळ 2 सुरकुतलेले, हेही त्यांनी आपणहून नोंदवले. आकडे बनवणारा माणूस असे न जुळणारे आकडे सहसा दाखवत नाही. अर्थात, हेही निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

मेंडेल यांचे नियम खरे आहेत की नाहीत, हा प्रश्न पूर्णपणे निराळा आहे आणि त्याचे उत्तर 1900 नंतर अनेकांनी स्वतः वाटाणे मोजून दिले आहे. तरीही ‘विज्ञान म्हणजेच बनवाबनवी’ असे म्हणत हे प्रकरण पुढे करणारे काही जण फलज्योतिषाला मात्र कोणतीच कसोटी लावत नाहीत. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लावली. कुंडलीवरून हुशार आणि मतिमंद मुले वेगळी ओळखायची होती, आणि 27 ज्योतिषांचे सरासरी यश 46 टक्के, म्हणजे छापा-काट्याच्याही किंचित खाली, आले. योगायोगाची मोजपट्टी एकच आहे, ती मठातल्या धर्मगुरूलाही लावायची आणि कुंडलीलाही.

मेंडेल यांच्या बाबतीत निवाडा करू शकल्या असत्या त्या बागेतल्या वह्या. कोणत्या दिवशी किती दाणे मोजले, मोजणी कोठे थांबली, अक्षर कोणाचे, कोणता आकडा खोडून पुन्हा लिहिला, हे सर्व त्यांत दिसले असते. त्यांच्या मृत्यूनंतर ती कागदपत्रे जाळण्यात आली. म्हणून आकडे निव्वळ योगायोगाला शोभण्यापेक्षा अधिक नीटनेटके आहेत, हे मी ठामपणे लिहीन; ते कोणी आणि कोणत्या हेतूने नीटनेटके केले, यापुढे ‘अनिर्णित’ एवढेच लिहीन.