जुन्या कॅसेटमधील खरखर आणि ती काढण्यामागचा इतिहास

सोलापुरातील अनेक घरांत जुन्या कॅसेट अजूनही कपाटात जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांत भजनी मंडळाचे टाळ-मृदंग असतात, कीर्तने असतात, आजी-आजोबांचे आवाज असतात. या कॅसेट संगणकावर उतरवून ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरने साफ करणे आज कोणालाही शक्य आहे. मात्र त्यातील खरखर आली कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कॅसेट प्रथम मांडली, ती संगीतासाठी नव्हे, तर मुख्यतः बोलणे टिपून घेण्यासाठी. तिची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते, तर स्टुडिओतील रिळांची गती अनेकदा ३८ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक असे. फीत अरुंद आणि गती मंद असल्याने हेडसमोरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागासमोरून, चुंबकीय कण कमी जातात आणि त्यांच्या विस्कळीतपणाची सळसळ ऐकू येते.

या सळसळीवर पहिला प्रभावी उपाय काढणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९६८ मध्ये आलेली त्यांची डॉल्बी-बी पद्धत कॅसेट भरतानाच हलके, उंच पट्टीतले आवाज वाढवून घेते आणि वाजवताना तेवढेच उतरवते. साहजिकच, ही सोय नसलेल्या साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला तिचा उपयोग नव्हता.

भरून झालेल्या ध्वनीतून खरखर वजा करण्याची वाट संगणकाने उघडली. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडलेली वर्णपट-वजाबाकीची, म्हणजे प्रत्येक पट्टीतून खरखरीचा अंश वजा करण्याची, पद्धत बोलण्याच्या आवाजासाठी होती. त्यानंतर केंब्रिजमधील सीडारसारख्या कंपन्यांची महागडी यंत्रे आली. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेले ऑडॅसिटी २००० मध्ये मोफत उपलब्ध झाले आणि अशा सॉफ्टवेअरमुळे हे तंत्र सामान्य माणसाच्या हाती आले. फक्त खरखर असलेला एखादा सेकंद निवडून त्याचा नमुना द्यायचा, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळणारा भाग प्रत्येक पट्टीत दाबते.

म्हणजेच नको असलेला आवाज एकसारखा असेल तरच ही युक्ती चालते. सोलापूरच्या पूर्व भागातील घरात भरलेल्या कॅसेटमागे यंत्रमागाची खटखट असेल, तर प्रत्येक ठोका वेगळा पडतो आणि नमुना लागू पडत नाही. माझ्या मते ती खटखट काढूही नये, कारण त्या वस्तीचा तो पुरावाच आहे. टाळांची अडचण अधिक गंभीर आहे. त्यांचा झणत्कार आणि फितीची सळसळ बऱ्याच अंशी एकाच उंच पट्टीत असल्याने जोरात सफाई केली की टाळ बोथट होतात आणि मागे पाण्याच्या बुडबुड्यांसारखा कृत्रिम नाद उरतो. त्यामुळे ऑडॅसिटीत सफाईची मात्रा भजनासाठी सहा डेसिबलच्या आसपासच ठेवणे मला योग्य वाटते.

त्याहून मोठा फरक कॅसेट उतरवण्यापूर्वीच पडतो. हेड स्पिरिटने पुसावे आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवून टाळ सर्वांत लख्ख ऐकू येतील तेथे थांबावे, कारण फितीशी असलेला हेडचा कोन चुकल्यामुळे हरवलेला उंच आवाज नंतर पूर्णपणे परत आणता येत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे) व २४ बिट या दर्जाची शिफारस करते. अशी एक अस्पर्श प्रत वेगळी राखून सफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावी.