तीच गोळी, वेगळं वय

नैराश्यावरची गोळी सुरू करून आठ-दहा दिवस झाले की घरात विचारणा होतेच, ‘काही फरक वाटतोय का?’ बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असतं. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधामुळे मेंदूतल्या सेरोटोनिनचं (चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं) प्रमाण काही तासांतच वाढू लागतं, पण मन सावरायला काही आठवडे जातात. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं, एवढंच खरं असतं तर माणूस संध्याकाळपर्यंत उठून बसला असता.

मग त्या मधल्या आठवड्यांत मेंदूत काय चालतं? मुंबईच्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विदिता वैद्य अनेक वर्षं या प्रश्नाच्या मागे आहेत. सेंट झेवियर्समधून त्या येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे पीएच.डी.ला गेल्या. चेतापेशींना जगवणारं, त्यांच्या फांद्या वाढवणारं बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे. सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकामार्फत (म्हणजे पेशीवर बसून सेरोटोनिनचा निरोप झेलणाऱ्या ‘रिसेप्टर’मार्फत) त्याचं नियमन कसं होतं, हे त्यांनी तिथे दाखवलं. म्हणजे औषध नुसती रसायनाची भर घालत नाही, पेशींच्या वाढीवरही त्याचा हात असतो. आणि वाढीला वेळ लागणारच. स्वीडन आणि ऑक्सफर्डमधल्या संशोधनानंतर २००० साली त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. २०१५चा भटनागर पुरस्कार आणि २०२२चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

मला त्यांच्या कामातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पिल्लांची. उंदराच्या नवजात पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं, तर ती मोठेपणीही बुजरी, घाबरट राहतात. ताण संपून महिने लोटलेले असतात, तरी मेंदू तो विसरत नाही. त्या दिवसांतच सेरोटोनिनचे ठरावीक ग्राहक औषधाने अडवले, तर मात्र पुढची भीती टळते, असं त्यांच्या गटाला २०११मध्ये आढळलं.

याची दुसरी बाजू आणखी चक्रावून टाकणारी आहे. मोठ्या उंदराची चिंता कमी करणारं फ्लुऑक्सेटिन नवजात पिल्लांना दिलं, की ती मोठेपणी अधिक चिंताग्रस्त होतात! औषध तेच, मेंदूचं वय वेगळं. (हे वाचून कुणा गर्भवतीने परस्पर गोळ्या थांबवू नयेत. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि उपचाराविना राहिलेलं नैराश्यही आई-बाळाला जड जातं.)

असं का व्हावं? २०२०मध्ये या गटाने औषध आणि ताण दोन्ही बाजूला ठेवले आणि जनुकीय युक्तीने पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या उत्तेजक (इतर पेशींना चेतवणाऱ्या) चेतापेशीच तेवढ्या जास्त सक्रिय केल्या. फक्त दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. पिल्लं मोठी झाली ती चिंता आणि हताशपणा घेऊनच. प्रौढ उंदरांमध्ये तोच खटाटोप केला, तेव्हा असा कायमचा ठसा उमटला नाही.