स्लेज कुत्रे : हिवाळ्यापूर्वीचा सराव व पिलांचे संगोपन

बर्फावरची घसरगाडी म्हणजे स्लेज. ती ओढणाऱ्या कुत्र्यांचा दम हिवाळ्याआधी वाढवणे आणि त्या वर्षीच्या पिलांना साजाची सवय लावणे ही कामे शरद ऋतूत बरोबरीने चालतात. सायबेरिया, ग्रीनलंड, उत्तर कॅनडा व अलास्का हे या परंपरेचे मुख्य प्रदेश होत.

उगमाविषयी मतभेद आहेत. पूर्व सायबेरियन समुद्रातील झोखोव्ह बेटावरील वसाहतीत स्लेजचे लाकडी अवशेष व कुत्र्यांची हाडे सापडली. त्यांचा काळ सर्वसाधारणपणे ९,००० ते ९,५०० वर्षांपूर्वीचा मानतात. स्लेज माणसेही ओढू शकतात, तेव्हा केवळ लाकडावरून कुत्री जुंपली जात असे ठरवता येत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पिटुल्को व कास्पारोव्ह या रशियन संशोधकांनी २०१७ मध्ये तेथील कवट्यांच्या मापांवरून बहुतेक कुत्र्यांचे वजन सु. १६ ते २५ किग्रॅ. असावे, असा अंदाज मांडला. या पल्ल्यातील वरच्या वजनाचा कुत्रा ओझे ओढण्याइतका दणकट असतो, पण पळताना फार तापत नाही. २०२० मधील जनुकीय अभ्यासात झोखोव्हच्या कुत्र्याचे आजच्या स्लेज कुत्र्यांशी, विशेषतः ग्रीनलंडच्या कुत्र्यांशी, जवळचे नाते दिसले. त्यामुळे सायबेरियातील प्राचीन उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. उत्तर अमेरिकेत मात्र कुत्र्यांच्या गाड्यांचा प्रसार थूली लोकांबरोबर (आजच्या इन्युइटांचे पूर्वज) सुमारे १,००० वर्षांपूर्वी झाला असावा. त्यांच्या आधी तेथे राहणाऱ्या डॉर्सेट लोकांच्या वसाहतींत कुत्र्यांची हाडेच फार विरळ आहेत.

अलास्कात बर्फ पडण्यापूर्वी, ऑगस्टअखेरीपासून, कुत्र्यांना चारचाकी मोटारसायकलीला जुंपतात. इंजिनाचा उपयोग ओढण्यापेक्षा वेग आवरण्यासाठी होतो. सुरुवातीची फेरी ३ ते ५ किमी.ची असते. पुढे अंतर वाढवतात, वेग नव्हे. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. म्हणून फेऱ्या पहाटे किंवा रात्री काढतात आणि हवा उबदार असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवतात. फेरीआधी मांसाची चव दिलेले पाणी पाजतात, कारण थंडीत कुत्री साधे पाणी पुरेसे पीत नाहीत.

पिलांचे शिक्षण साजाच्या कितीतरी आधी सुरू होते. दोन-अडीच महिन्यांच्या पिलांना मोकळे सोडून रानात फिरवतात. पडलेली झाडे, ओढे आणि दलदल ती मोठ्या कुत्र्यामागून पार करतात, आणि हीच खरी शाळा होय. साज साधारण सहा ते आठ महिन्यांच्या वयात चढतो. पहिल्यांदा पिलू मागे वळून दोर चावते, मधेच बसते, शेजाऱ्याच्या पायात गुंतते. मग अनुभवी, शांत कुत्र्याशेजारी त्याला जुंपतात. नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला जुंपावा, तसेच हे. चार-पाच फेऱ्यांत त्याचा दोर ताठ राहू लागला की चालकाला हवे ते मिळाले. या काळात सक्ती केली तर पिलू पुढे ओढायलाच बिचकते. हाडांची वाढ वर्षभर पूर्ण होत नसल्याने ओझे हलके व फेरी आखूडच ठेवणे आवश्यक असते. उजवीकडे वळण्याची ‘गी’ व डावीकडची ‘हॉ’ ही आज्ञा मुख्यतः आघाडीच्या कुत्र्यासाठी असते. इतर त्याच्यामागून शिकतात.

ग्रीनलंडमध्ये झाडे नसल्याने प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर देऊन पंख्यासारखे जुंपतात. जंगलाच्या प्रदेशात मात्र दोन-दोनच्या रांगा लावतात. ग्रीनलंडच्या पिलांना पहिले काही महिने वस्तीत मोकळे फिरू देतात, नंतर साखळीला बांधतात. तेथील सराव मुख्यतः समुद्राचे पाणी गोठल्यावर सुरू होतो. बर्फ उशिरा धरू लागल्याने आणि मोटारस्लेज वाढल्याने कुत्र्यांची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आली आहे. वाण शुद्ध राहावे म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ध्रुववृत्ताच्या उत्तरेस व संपूर्ण पूर्व किनाऱ्यावर इतर जातींचे कुत्रे आणण्यास कायद्याने बंदी आहे.