राज्य होण्याआधी लिहिलेली घटना: अलास्काचे पहिले सरकार

नवे राज्य उभे करताना एक मूलभूत पेच सोडवावा लागतो. निवडणूक घ्यायची तर कायदा हवा, कायदा करायचा तर विधिमंडळ हवे आणि विधिमंडळ निवडायचे तर पुन्हा निवडणूकच हवी. आपल्याकडे हा पेच संसद सोडवते. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला तेव्हा वेगळी घटना लिहावी लागली नाही. संसदेने केलेल्या मुंबई पुनर्रचना कायद्यानुसार द्विभाषिक मुंबई राज्याचे आमदार दोन राज्यांत विभागले गेले आणि यशवंतराव चव्हाण यांचे सरकार नव्या निवडणुकीविना कामाला लागले. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते आणि सामान्यतः ती संघराज्यात प्रवेश मिळण्यापूर्वीच तयार करावी लागते. जे राज्य अजून नाही, त्याची घटना लिहायची, हे काम कसे होते ते समजून घ्यायला अलास्काइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

अमेरिकेने 1867 मध्ये रशियाकडून विकत घेतलेला अलास्का 1912 पासून रीतसर ‘टेरिटरी’, म्हणजे राज्याचा दर्जा नसलेला केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश, होता. त्याचे विधिमंडळ होते, पण गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमत आणि काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतील, त्याच्या एकमेव प्रतिनिधीला मतदानाचा हक्क नव्हता. एरवी काँग्रेस आधी परवानगीचा कायदा करते आणि मग घटना लिहिली जाते. अलास्काने ती वाट पाहिली नाही. 1955 मध्ये तेथील विधिमंडळाने स्वतःहून घटना परिषद बोलावली आणि 8 नोव्हेंबर 1955 रोजी फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात, राजधानी जूनोपासून आणि तिथल्या दबावगटांपासून दूर, 55 प्रतिनिधी कामाला बसले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. फ्रँक पेराट्रोविच हे मूळनिवासी समाजातील एकमेव प्रतिनिधी होते, तर अध्यक्ष होते वाल्डीझ गावचे दुकानदार विल्यम ईगन. नाताळच्या सुट्टीत प्रतिनिधी आपापल्या गावी गेले, मसुद्यावर लोकांचे म्हणणे ऐकून परतले आणि 5 फेब्रुवारी 1956 रोजी घटनेवर सह्या झाल्या.

या घटनेतील नैसर्गिक संपत्तीविषयीच्या कलमांची वाखाणणी नेहमी होते. परंतु माझ्या मते तिचा सर्वांत कसबी भाग म्हणजे शेवटचे, पंधरावे कलम. संक्रमणकाळाच्या तरतुदींचे हे कलम वाचताना कुणी थांबत नाही, आणि खरे तर राज्य चालू होते ते त्याच्याच बळावर. टेरिटरीचे कायदे बदलले जाईपर्यंत लागू राहतील, करार आणि खटले खंडित होणार नाहीत, जुने अधिकारी त्यांची जागा घेणारे येईपर्यंत काम पाहतील, टेरिटरीची देणी नवे राज्य फेडील, पहिल्या गव्हर्नरची मुदत अमुक दिवशी संपेल, असे एकेक वाक्य त्यात आहे. ज्या क्षणी राज्य जन्माला येईल, त्या क्षणी शाळा, नगरपालिका आणि पगार थांबू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

24 एप्रिल 1956 रोजी सार्वमतात 17,447 विरुद्ध 7,180 मतांनी घटना मंजूर झाली. त्याच दिवशी सॅमन मासे पकडण्याच्या मोठ्या सापळ्यांवर बंदी घालणारा जोडठरावही मतदारांपुढे होता. हे सापळे प्रामुख्याने बाहेरच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे असत आणि स्थानिक कोळ्यांचा त्यावर जुना राग होता. त्या ठरावाला 21,285 मते पडली, म्हणजे खुद्द घटनेपेक्षाही जास्त. स्वतःचे सरकार कशासाठी हवे, हे अलास्काच्या लोकांनी याहून स्पष्ट सांगण्याची गरज नव्हती.

पुढची दोन वर्षे मात्र घटना कागदावरच राहिली. अखेर काँग्रेसने राज्यत्वाचा कायदा संमत केला आणि 7 जुलै 1958 रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर सही केली; त्यात तयार घटना तशीच मान्य करण्यात आली. 26 ऑगस्टला मतदारांनी राज्यत्व, सीमा आणि केंद्राच्या अटी या तीन प्रश्नांवर कौल दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वसाधारण निवडणूक झाली आणि 3 जानेवारी 1959 रोजी राष्ट्राध्यक्षांनी प्रवेशाची घोषणा करताच घटना अमलात आली. ही निवडणूक टेरिटरीच्याच यंत्रणेने घेतली होती, म्हणजे मावळत्या व्यवस्थेने आपल्या वारसाला स्वतःच्या हाताने खुर्चीवर बसवले.

पहिली कसोटी लगेच आली. गव्हर्नर म्हणून शपथ घेतलेले ईगन त्या सुमारास गंभीर आजारी पडले आणि त्यांना उपचारांसाठी सिॲटलला न्यावे लागले. गव्हर्नरबरोबर एकाच मताने निवडून येणारा सचिव त्याच्या अनुपस्थितीत कार्यभार सांभाळेल, अशी तरतूद घटनेत होती. त्यानुसार सचिव ह्यू वेड यांनी सूत्रे हाती घेतली आणि राज्याचे पहिले विधिमंडळ 26 जानेवारीला भरले तेव्हा कारभारात खंड पडला नव्हता.

न्यायव्यवस्थेचा पेच याहून नाजूक होता. न्यायाधीशांची नावे न्यायिक परिषदेने सुचवायची आणि गव्हर्नरने त्यांतून नेमणूक करायची, अशी पद्धत होती; पण त्या परिषदेचा अध्यक्ष म्हणजे राज्याचा मुख्य न्यायाधीश, आणि तो तर अजून नेमलेलाच नव्हता. पंधराव्या कलमाने तोड काढली होती: पहिल्या खेपेस उरलेल्या सहा सदस्यांनीच मुख्य न्यायाधीशासह सगळ्या न्यायाधीशांची नावे सुचवावीत. राज्याची न्यायालये उभी राहीपर्यंत जुने केंद्रीय न्यायालय काही काळ खटले चालवील असे धरलेले होते, परंतु 1959 मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाच्या निकालामुळे घाई करावी लागली. बुएल नेस्बेट पहिले मुख्य न्यायाधीश झाले, फेब्रुवारी 1960 मध्ये राज्याची न्यायालये सुरू झाली आणि ज्या परिषदेने त्यांचे नाव सुचवले होते, तिच्या रिकाम्या ठेवलेल्या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर घटनेनुसार तेच येऊन बसले.