अलास्कातील १४(सी) जमीन दावा: पात्रता, पुरावे आणि एका वर्षाची मुदत

अलास्का नेटिव्ह क्लेम्स सेटलमेंट ॲक्ट या कायद्याने सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन मूलनिवासींच्या प्रादेशिक आणि गाव कॉर्पोरेशनांकडे, म्हणजे मूलनिवासी भागधारक असलेल्या कंपन्यांकडे, जायची होती. पण त्या जमिनीवर आधीपासूनच ज्यांची घरे आणि तळ होते, त्यांच्यासाठी कलम १४(सी)(१) ठेवण्यात आले. मुख्य राहते घर, मुख्य व्यवसायाची जागा, उदरनिर्वाहासाठीच्या शिकार-मासेमारीचा तळ किंवा रेनडियरपालनाचे ठाणे म्हणून वापरात असलेली जागा गाव कॉर्पोरेशनने वहिवाटदाराला विनामोबदला लिहून द्यावी, असे हे कलम सांगते. वहिवाटदार मूलनिवासी किंवा कॉर्पोरेशनचा भागधारक असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

अर्ज अडतात ते बहुधा तारखेवर. वहिवाट १८ डिसेंबर १९७१ या दिवशी असायला हवी. अपवाद फक्त प्रिबिलॉफ बेटांचा, जिथे जमीन कॉर्पोरेशनकडे प्रथम हस्तांतरित झाली तो दिवस धरला जातो. १९७५ साली बांधलेल्या घरात कुणी आजवर अखंड राहत असले, तरी तेवढ्याने या कलमाखालचा हक्क उभा राहत नाही. वडिलांची किंवा आजोबांची वहिवाट सांगणाऱ्याने त्यांच्याकडून आपल्यापर्यंत हक्क कसा आला, हेही दाखवले पाहिजे. केवळ आडनाव सारखे असून भागत नाही.

आता त्या दिवसाचा कागद आणायचा कुठून? सातबाऱ्यासारखी पीकपाहणीची नोंद तिथे कधी नव्हतीच, आणि मासे वाळवण्याच्या तळाची पावती कुणी कुणाला दिली नव्हती. त्यामुळे जुनी हवाई छायाचित्रे, घरातले फोटो, मासेमारीचे किंवा व्यवसायाचे परवाने आणि वृद्धांची शपथपत्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. त्या वेळी विशीत असलेला साक्षीदार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून बाकी कागद जमेपर्यंत थांबू नये, शपथपत्र आधी करून घ्यावे.

अर्ज गाव कॉर्पोरेशनकडे, तिने जाहीर केलेल्या मुदतीत द्यायचा असतो आणि निर्णयही तीच देते. म्हणजे जी जमीन सोडायची, तीच संस्था दावा तपासणार, ही व्यवस्था कुणालाही खटकेल अशीच आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे संघीय खाते मोजणी करून देते, पण वादात पडत नाही. कॉर्पोरेशनने तयार केलेला सीमांचा नकाशा या खात्याकडे जाण्यापूर्वी वाद मिटलेले असावेत, असे नियम सांगतो, आणि नकाशाला अंतिम मंजुरी मिळाली की नव्या दावेदारासाठी त्यात फेरबदल होत नाही.

निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्यासाठी एक वर्ष मिळते. ते वर्ष नकाशा खात्याकडे दाखल झाल्यापासून मोजले जाते. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून किंवा मोजणीदार गावात आल्यापासून नव्हे. मोजणी नकाशानंतर बऱ्याच काळाने होऊ शकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या कुंपणाशी खुंट्या ठोकलेल्या पाहून जागा झालेला माणूस अनेकदा मुदतीबाहेर गेलेला असतो. नकाशा कधी दाखल झाला, हे कॉर्पोरेशनच्या कचेरीत आणि खात्यात स्वतः लेखी विचारावे.

दावा मान्य झाल्यावर मिळतो तो फक्त पृष्ठभागाचा हक्क. भूगर्भाचा हक्क प्रादेशिक कॉर्पोरेशनकडे राहतो आणि न्यायालयाच्या निर्णयानुसार वाळू-खडीही त्यातच मोडते, म्हणून आपल्याच अंगणातली खडी विकायला काढण्याआधी जमिनीचे हस्तांतरण-खत नीट वाचून घ्यावे.