शोधनिबंध शोधण्यासाठीचा वेब इंटरफेस

शोधनिबंध, परिषदांमध्ये वाचलेले निबंध, प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच प्रसिद्ध केलेले मसुदे) यांच्या साठ्यातून वाचकाला हवे ते काढून देणारा वेबसाइटचा दर्शनी भाग. शोधाची चौकट, निकालांची यादी, फिल्टर, एकेका निबंधाचे पान आणि संदर्भ उतरवून घेण्याची सोय हे सगळे त्यात येते. मागे कोट्यवधी नोंदींचा डेटाबेस असला, तरी वाचकाची गाठ पडते ती या दर्शनी भागाशीच.

पार्श्वभूमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलार्स ही संगणकीय शोधव्यवस्था 1964 मध्ये सुरू झाली. तेव्हा डॉक्टर स्वतः शोध घेत नसे. तो आपला प्रश्न लिहून पाठवी, प्रशिक्षित माहितीतज्ज्ञ तो संगणकाच्या भाषेत मांडत आणि उत्तर यायला काही आठवडे लागत. 1971 मध्ये मेडलाइन या तिच्या ऑनलाइन रूपामुळे शोध ऑनलाइन झाला, तरी मधला जाणकार कायम राहिला. 1997 मध्ये त्याच ग्रंथालयाचे पबमेड हे वैद्यकीय निबंधांचे शोधस्थळ सर्वांना मोफत खुले झाले आणि 2004 मध्ये गूगल स्कॉलर या गूगलच्या विद्वत्तापूर्ण लेखनाच्या शोधसेवेने एकाच रिकाम्या चौकटीवर भागवले. मधला माणूस गेला. त्याचे काम मात्र उरले: नेमके काय हवे ते विचारणे, याच विषयाला दुसरे काय नाव आहे ते सुचवणे, काय हाती लागले नाही ते सांगणे. हे काम आता पडद्याला करावे लागते आणि इंटरफेस चांगला की वाईट हे बहुतांशी यावरच ठरते.

वाचकाची गरज. शोध दोन जातींचा असतो. एकात निबंध माहीत असतो, फक्त तो सापडायला हवा असतो. दुसऱ्यात एखाद्या प्रश्नावर आजवर काय काय लिहिले गेले ते पाहायचे असते. माहितीशास्त्रज्ञ मार्शा बेट्स यांनी 1989 मध्ये या दुसऱ्या प्रकाराला झुडपांवरून एकेक बोर वेचण्याची उपमा दिली. हाती आलेल्या प्रत्येक निबंधागणिक प्रश्नच थोडा बदलत जातो, म्हणून एका शोधात काम संपत नाही. सापडलेल्यांपैकी कामाचे किती आणि कामाचे असलेल्यांपैकी सापडले किती, ही दोन मापे माहितीशास्त्रात 1960 च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे झालेल्या शोधपद्धतींच्या प्रयोगांपासून रुळली आहेत. साध्या वेब-शोधात पहिले माप पुरते. संशोधकाला मात्र आपल्या नजरेतून काही निसटले तर नाही, ही धास्ती असते.

प्रश्न समजून घेणे. पबमेडमध्ये ‘हार्ट अटॅक’ टाइप केले, तर ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या ठरावीक विषयशब्दाखालीही शोधते. हे विषयशब्द मेश या कोशातून येतात. हा कोश 1960 पासून वापरात आहे. महत्त्वाचे असे की प्रश्नाचे हे रूपांतर पबमेड लपवत नाही. प्रगत शोधाच्या पानावर, शोधांच्या इतिहासात ते जसेच्या तसे वाचता येते. शब्द परस्पर वाढवायचे आणि वाचकाला सांगायचेच नाही, हा या क्षेत्रातला मोठा दोष मानला पाहिजे. स्पेलिंग दुरुस्तीचेही तेच. एखाद्या जनुकाचे नाव चुकलेल्या शब्दासारखे दिसू शकते. म्हणून दुरुस्ती सुचवावी, लादू नये.

चौकटीत कोणी अख्खा संदर्भ किंवा डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) चिकटवला, तर थेट तो निबंध उघडला पाहिजे. डीओआय ‘10.’ ने सुरू होत असल्याने तो ओळखणे अवघड नाही. नावांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. एकच लेखक कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण नावाने छापला जातो. त्यासाठी 2012 पासून ऑर्किड हा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक उपलब्ध आहे. लिपीचेही खाचखळगे असतात. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतप्रणालीत ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. साठवताना आणि शोधताना दोन्हींना एकच रूप दिले नाही, तर समोर असलेला निबंधही सापडत नाही आणि वाचक स्वतःलाच दोष देत बसतो.

निकालाची एक नोंद. खरा निर्णय इथे होतो. वाचक यादीवरून नजर फिरवतो आणि काही क्षणांत ठरवतो, उघडायचे की पुढे जायचे. म्हणून शीर्षक पूर्ण दिसावे. शोधनिबंधात ‘उंदरांवरील अभ्यास’ यासारखा निर्णायक तपशील अनेकदा शीर्षकाच्या शेवटी असतो आणि मध्येच तीन टिंबे देऊन नेमका तोच कापला जातो. लेखक पुष्कळ असतील तर पहिल्याबरोबर शेवटचाही दाखवावा, कारण अनेक विज्ञानशाखांत प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव शेवटी येते. पत्रिका, वर्ष आणि प्रकार (प्रयोग, आढावा की प्रीप्रिंट) एका ओळीत मावतात. निबंध मागे घेतला गेला असेल तर ते यादीतच ठळक दिसले पाहिजे. आतल्या पानावर लिहून भागत नाही. पूर्ण मजकूर मोफत आहे का, हेही क्लिक करण्याआधी कळावे. पैसे भरण्याच्या पानावर जाऊन आपटणे ही या वाचकाची नेहमीची व्यथा आहे. गोषवारा यादीतच उलगडता आला, तर कितीतरी फेऱ्या वाचतात.

उद्धरणांची संख्या (इतर निबंधांनी या निबंधाचा किती वेळा संदर्भ दिला ती) उपयोगी असली तरी ती जपून दाखवावी. जुन्या निबंधांना ती जमवायला जास्त वर्षे मिळालेली असतात आणि गणितातली संख्या वैद्यकातल्या संख्येशी ताडून पाहता येत नाही. गूगल स्कॉलर क्रम लावताना उद्धरणे विचारात घेते. पबमेडच्या 2020 पासूनच्या रूपात निकाल मुळात सर्वाधिक जुळणीनुसार लागतात आणि तारखेनुसार लावण्याची सोयही आहे. कोणताही क्रम असो, त्याचे नाव यादीच्या माथ्यावर हवे.

फिल्टर आणि परतीची वाट. वर्ष, प्रकार, भाषा, मोफत उपलब्धता एवढे फिल्टर बहुतेकांना पुरतात. प्रत्येकासमोर निकालांची संख्या असावी आणि लावलेले फिल्टर वर एका ओळीत दिसावेत, म्हणजे एका क्लिकने काढता येतात. कालचा फिल्टर आजही लागू राहिला आणि वाचकाला कळलेच नाही, तर ‘या विषयावर काहीच काम झालेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

समजा, वाचक त्रेचाळिसाव्या निकालापर्यंत पोचला, त्याने गोषवारा वाचला आणि तो मागे आला. यादी तिथेच उघडली पाहिजे. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायला लावणारी वेबसाइट त्याचा तास खाते. शोधशब्द, फिल्टर आणि क्रम पानाच्या वेब-पत्त्यात नोंदलेले असले, की तीच यादी सहकाऱ्याला पाठवता येते. निकाल न संपता खाली उलगडत जाणारी यादी इथे गैरसोयीची ठरते, पाननिहाय यादी बरी. पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचे सगळे संशोधन ठरावीक पद्धतीने गोळा करून तपासणारा लेख) लिहिणाऱ्यांना किती नोंदी मिळाल्या आणि किती गाळल्या याचा हिशेब द्यावा लागतो. अशा आढाव्यांच्या लेखनासाठीची 2009 ची प्रिझ्मा मार्गदर्शिका आणि तिची ‘प्रिझ्मा 2020’ ही सुधारित आवृत्ती तो मागते. त्यांना शोधाचा इतिहास, तारीख, नेमकी संख्या आणि रिस किंवा बिबटेक्स या संदर्भ-फाइलींच्या स्वरूपात नोंदी उतरवून घेण्याची सोय लागते.

निकाल शून्य आले तर नुसते ‘काही सापडले नाही’ लिहू नये. कोणता शब्द किंवा फिल्टर काढल्यावर किती नोंदी मिळतील, हे सांगावे. जुना माहितीतज्ज्ञ हेच करत असे.

सुगम्यता. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या (अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या) मानकाच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान 4.5 ला 1 असावा लागतो. सगळे फिल्टर कीबोर्डने चालावेत आणि यादी बदलली की नवी संख्या स्क्रीन रीडरने (अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचून दाखवावी.

यंत्राने केलेले सारांश. सिमँटिक स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधसेवेने 2020 मध्ये निबंधांचे एका वाक्यातले यांत्रिक सारांश दाखवायला सुरुवात केली. यादी चाळताना त्यांची मदत होते, पण ते यंत्राने लिहिले आहेत हे जवळच स्पष्ट दिसायला हवे आणि मूळ गोषवारा एका क्लिकवर असावा.

चाचणी. आराखडा तपासताना संशोधकांना बनावट कामे देण्याऐवजी त्यांचा स्वतःचा चालू प्रश्न शोधायला सांगावा. ते कुठे थबकतात, कोणता शब्द बदलून पाहतात, कधी दुसऱ्या टॅबकडे वळतात हे शेजारी बसून पाहावे. निव्वळ क्लिक मोजणे इथे फसवे ठरते: यादीतला गोषवारा वाचून ‘हा आपल्या कामाचा नाही’ असे ठरवणाऱ्या वाचकाने एकही क्लिक केलेला नसतो, तरी त्याचे काम झालेले असते.